सासूबाईंवरची कॉमिक स्ट्रिप सासूबाईंनीच बघितली, आता बंद करू की चालू ठेवू?

खळ्यातली_चिमणी

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय आणि जरा लांबणार आहे, कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन मालवणजवळच्या एका वाडीत आले त्याला सात वर्षं झाली. घरात सासूबाई, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि मी. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. घरामागे चार खोल्या काढल्यात त्या टुरिस्टना देतो, दिवाळीपासून मे अखेरपर्यंत सीझन, आणि पाहुण्यांचं जेवण आमच्याच स्वयंपाकघरातून जातं म्हणजे सासूबाईंच्या नजरेखालून जातं. त्या म्हणतील ते आणि म्हणतील तसंच. वाटप किती बारीक, तिरफळं किती, बांगड्याचा कुठला तुकडा कुणाच्या ताटात, सगळं त्या ठरवणार. कोठीची चावी त्यांच्या कमरेला, एक नारळ हवा असला तरी मागायचा. मला बाजारातून यायला अर्धा तास उशीर झाला तर तोवर शेजारच्या दोघीतिघींना विचारून झालेलं असतं की ही कुठे बोलत उभी राहिली. माझं एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालंय, दोन वर्षांपूर्वी कुडाळकडच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवायला बोलावलं होतं, आठवड्याचे तीन दिवस फक्त, तेव्हा त्या म्हणाल्या सीझनात पाहुण्यांचं कोण बघणार, नवरा काहीच बोलला नाही आणि विषय तिथेच मिटला. माझ्या मनात तो अजून मिटलेला नाही.

२०२० मध्ये सगळं बंद होतं, खोल्या रिकाम्या, मुलगी पोटात, तेव्हा मी वहीत चार चार चौकटी काढायला लागले. सासू, सून, नवरा आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक चिमणी जी नुसती बघते. नंतर स्वतःचं नाव न घालता इन्स्टावर टाकायला लागले, दर गुरुवारी एक. हळूहळू साडेतीन हजार लोक झाले, कितीतरी बायका खाली लिहितात की आमच्याकडे पण अगदी हेच चालतं. उदाहरण सांगते. पहिल्या चौकटीत सून सोलकढीची वाटी पुढे करते, दुसरीत सासू एक घोट घेते, तिसरीत काही न बोलता पातेल्यात आगळ (कोकमाचा रस) ओतते, चौथीत म्हणते "आता झाली सोलकढी". हे आमच्याकडे रोज होतं, मी पदरचं काही घातलेलं नाही.

आता यंदाच्या गणपतीत काय झालं ते. मुंबईहून चाकरमानी आले होते, घरात वीसेक माणसं. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर सगळे खळ्यात बसलेले आणि नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलाने मोबाईल सासूबाईंपुढे धरला, "आजी ह्या बघ, अगदी तुझ्यासारखी सासू आसा". त्याला माहीतच नव्हतं मी काढते ते, कुणीतरी त्याला फॉरवर्ड केलेलं. पण चित्रात तुळस आमची होती, कोपरा तुटलेली, पडवीतला निळा बाक आमचा होता. सासूबाईंनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला आणि एकेक करत खाली सरकवत राहिल्या, दहा मिनिटं तरी. मी मोदकांचं ताट घेऊन दारात उभी होते, मला पुढेही जाता येईना आणि मागेही.

त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना फक्त एवढंच विचारलं, "हे माझे हात काय गो?"

हे मला नीट सांगायला हवं. स्ट्रिपमध्ये सासूचा हात लांबूनसुद्धा ओळखू यावा म्हणून मी तो नेहमी एकाच पद्धतीने काढते, बोटं आकड्यासारखी वाकडी आणि टोकं काळी, आणि तो हात दर वेळी कुठून तरी चौकटीत घुसतो. लोकांना ते खूप आवडतं. आणि सासूबाईंचे हात खरंच तसे आहेत. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी अकरा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, हाताला राख नाहीतर तेल चोळून बसायचं तरी बोटं काळी पडतात आणि सोलवटतात. त्यांची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी ते हात तसे काढले, लोक लाईक करत होते आणि मी काढत होते.

त्यानंतर तीन आठवडे झाले, त्या मला काही म्हणजे काहीच बोलत नाहीत. मीठ कमी पडलं तरी जेवतात आणि उठतात. मी स्वयंपाकघरात असले की त्या खळ्यात. चावी त्यांनी स्वतःहून खुंटीला अडकवून ठेवलीय, मी अजून हात लावला नाही. सात वर्षं मला वाटायचं यांनी बोलणं थांबवावं, आता थांबलंय तर घरात श्वास घेता येत नाही.

स्ट्रिप बंद करू का? जुन्या सगळ्या डिलीट करू का? पण ती बंद केली तर माझं असं या घरात काहीच उरत नाही. कृपया नुसतं "माफी माग" किंवा नुसतं "दुर्लक्ष कर" असं लिहू नका.

तिरफळ

चिमणी, पहिलं सांगते, बंद करू नकोस. आणि डिलीट तर अजिबात नको.

मी रत्नागिरीची, सासर संगमेश्वराकडे, त्यामुळे यातलं बरंचसं अंगावरून गेलेलं आहे. बायकांनी सासूबद्दल चारचौघांत बोलायचं ही काही इन्स्टामुळे आलेली गोष्ट नाही. जात्यावरच्या ओव्या काय होत्या, पहाटे दळताना सुना जे तोंडावर बोलू शकत नव्हत्या ते ओवीत घालत होत्या आणि सासू पलीकडच्या खोलीत ऐकत असायचीच की. भोंडल्याचं ते कारल्याच्या वेलाचं गाणं घे, सून माहेरी जायला मागते आणि सासू दर कडव्यात नवीन अट काढते, आधी वेल लाव, मग त्याला कारली येऊ दे, मग भाजी कर, म्हणजे दर कडव्याला तीच सासू, तीच सून आणि तीच मागणी फक्त अट बदलते, तुझी दर गुरुवारची स्ट्रिप म्हणजे वेगळं काय आहे? आणि ते गाणं सासवासुद्धा फेरात म्हणतात. माझ्या सासूबाई तर सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणायच्या.

सासवांनी पिढ्यानपिढ्या लेकी बोले सुने लागे केलंच ना, समोर लेकीला बोलायचं आणि टोचायचं सुनेला. तू चित्रातल्या सासूला बोललीस आणि ते खऱ्या सासूला लागलं. लागलं याचं वाईट वाटणं बरोबर आहे पण म्हणून तू बोललेलं खोटं होत नाही. कुडाळची नोकरी गेली ती खरी, चावी मागावी लागते ते खरं.

हाताचं मात्र मला वाचताना कसंतरी झालं. त्याच्यावर काय सांगावं मला कळत नाही, दुसऱ्या कुणीतरी सांगा.

होडीवाला

मी पुरुष आहे आणि देवगडकडचा, लिहू की नको असा विचार करत होतो पण लिहितो.

ताई तुमच्या पोस्टमध्ये नवरा किती वेळा आलाय बघा. एकदा "काहीच बोलला नाही" म्हणून, एकदा त्याच्या चुलतभावाच्या मुलाची ओळख सांगताना. आणि स्ट्रिपमध्ये पात्र म्हणून नुसतं नाव. म्हणून विचारतो, तो चित्रात काय करत असतो? कारण मी पाहिलेल्या घरगुती स्ट्रिप्समध्ये मुलगा बहुतेक वेळा पेपरमागे नाहीतर मोबाईलमागे असतो, लोक हसतात आणि पान उलटतात.

मी तोच माणूस होतो. माझ्या आईचं आणि बायकोचं चार वर्षं चाललं होतं आणि मला वाटायचं मी समतोल राखतोय. आईकडे गेलो की तू म्हणतेस ते बरोबर, बायकोकडे गेलो की तू म्हणतेस तेच बरोबर. दोघींना वाटायचं मी त्यांच्या बाजूचा आहे म्हणून दोघी आणखी जोरात भांडायच्या. बायकोचा पार्लरचा कोर्स होता मालवणात, आई नको म्हणाली आणि मी गप्प बसलो, बायकोने दोष आईला दिला आणि मी तो देऊ दिला. खरं म्हणजे मला स्वतःलाच तिने जाऊ नये असं वाटत होतं, कलमांची कामं निघालेली, घरात माणूस कमी पडणार होतं, पण ते मी तोंडाने बोललो नाही, आईला बोलू दिलं. हे मी बायकोला खूप उशिरा सांगितलं, त्यापेक्षा त्या दिवशी भांडलो असतो तर बरं झालं असतं.

तुमच्या कुडाळच्या नोकरीला नको कुणी म्हटलं ते एकदा नवऱ्याला समोर बसवून विचारा. सासूबाई "पाहुण्यांचं कोण बघणार" म्हणाल्या, तो तर प्रश्न आहे, त्याचं उत्तर कुणी द्यायचं होतं?

खळ्यातली_चिमणी

होडीवाले दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता जाऊन सगळ्या बघितल्या. दोनशेच्या वर स्ट्रिप्स आहेत. नवरा बहुतेक पाठमोरा आहे. चेहरा अकरा स्ट्रिपमध्ये दिसतो, आणि बोलतो फक्त तीनात, त्यातल्या दोनात "जेवायला काय आहे" एवढंच. मी हे ठरवून केलं नव्हतं. आता झोप लागणार नाही.

जुनी_कात्रणं

उशिरा येतोय, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. मी चाळीसेक वर्षं पेपरातल्या कॉमिक स्ट्रिप्सची कात्रणं जमवतोय, नोकरी मुंबईत होती, रिटायर होऊन आता दापोलीला असतो, पावसात कात्रणांना बुरशी धरते म्हणून दर वर्षी मे महिन्यात सगळी उन्हात घालतो. तर चिमणी, तुझा प्रश्न तुला एकटीलाच पडलाय असं समजू नकोस, घरातल्या माणसांवर स्ट्रिप काढणाऱ्या सगळ्यांपुढे तो आलाय आणि प्रत्येकाने वेगळी वाट काढलीय.

ब्लाँडी ही अमेरिकन स्ट्रिप घे. चिक यंगने १९३० मध्ये सुरू केली, तेव्हा तिची नायिका ब्लाँडी ही पार्ट्यांत रमणारी एक गरीब मुलगी होती आणि तिचा प्रियकर डॅगवुड हा रेल्वेच्या बड्या मालकाचा मुलगा. घरच्यांना सून पसंत नाही, तर हा अठ्ठावीस दिवस उपोषणाला बसला, शेवटी १७ फेब्रुवारी १९३३ ला लग्न लागलं आणि बापाने इस्टेटीतून बेदखल केलं. त्यानंतर ते श्रीमंत सासूसासरे स्ट्रिपमधून जवळजवळ नाहीसेच झाले आणि नवराबायको, मुलं, सँडविच आणि ऑफिस यावर ती आजतागायत चाललीय. म्हणजे यंगने सासूचा प्रश्न कसा सोडवला, तर सासूच काढून टाकली. कागदावर जमतं ते. तुझ्या घरात चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर आहे, तुला ते जमणार नाही.

दुसरी वाट मेल लझारसची. त्याची मॉमा नावाची स्ट्रिप १९७० पासून २०१६ पर्यंत, म्हणजे त्याच्या शेवटापर्यंत चालली. मिसेस हॉब्स नावाची विधवा आई, तीन मोठी झालेली मुलं, आणि थोरल्याची बायको टीना, जिचं काही केल्या या बाईला पसंत पडत नाही. लझारसने ती स्वतःच्या आईवरून उचलली होती. मला ती स्ट्रिप आवडते, पण तिच्यात एक गोष्ट बघ. सेहेचाळीस वर्षं मॉमा तीच राहिली. टीनाही तीच. गॅग स्ट्रिपचं यंत्रच तसं असतं, चार चौकटींत गंमत उडवून द्यायची तर वाचकाला पात्र आधीच पाठ असावं लागतं, सासू चौकटीत आली की ती काय करणार हे ठाऊक असावं लागतं, म्हणून तिला बदलू देता येत नाही. ती शहाणी झाली तर पुढच्या आठवड्यात काढणार काय? तुझा तो वाकडा हात म्हणजे हेच आहे. तो खूण म्हणून आला आणि मग तुलाही त्याच्या बाहेर जाता येईना.

तिसरी वाट लिन जॉन्स्टनची, कॅनडाची बाई, फॉर बेटर ऑर फॉर वर्स, १९७९ मध्ये सुरू झाली. हिने आपल्याच घरातल्यांची मधली नावं पात्रांना दिली, नवऱ्याचं, मुलाचं, मुलीचं. पण तिने एक वेगळंच केलं, पात्रांचं वय वाढू दिलं. वाचकाचं एक वर्ष गेलं की त्यांचंही एक वर्ष गेलं. मुलं शाळेतून कॉलेजात गेली, त्यांची लग्नं झाली, म्हातारी माणसं आणखी म्हातारी झाली. १९९५ मध्ये घरातला कुत्रा फार्ली धाकट्या मुलीला पाण्यातून वाचवताना गेला. माणूस म्हातारा होतो, आजारी पडतो, चुकतो, कळतं त्याला, हे सगळं पेपरातल्या एका पट्टीत रोज थोडं थोडं. तिथे कुणाचंही एकच रूप कायमचं चिकटून राहत नाही.

आणि जपानची साझाए-सान, माचिको हासेगावाची, १९४६ मध्ये सुरू झाली तीही एका स्थानिक पेपरात, आणि १९७४ पर्यंत चालली. तिच्यात उलटं आहे, साझाए लग्नानंतर नवरा-मुलासकट आपल्याच आईबापांच्या घरात राहते, त्यामुळे सासूसोबत राहायचं ते नवऱ्याला. त्यांच्या चार चौकटी उभ्या असतात एकाखाली एक, आणि तिसऱ्या चौकटीत वळण येतं असं तिकडे मानतात. तुझी सोलकढीची स्ट्रिप नकळत त्याच बांधणीची आहे, तिसऱ्या चौकटीत न बोलता आगळ ओतणं हे वळण. चांगली स्ट्रिप आहे ती, तिच्यात सासूचा अपमानही नाही, सुनेचं दुःख मात्र पूर्ण आहे. मी ती ठेवेन.

आपल्याकडे चिंटू १९९१ मध्ये सकाळमध्ये सुरू झाला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, त्यात एका साध्या मराठी घराला रोजची जागा मिळाली. पण सासूसून एका स्वयंपाकघरात, ही गोष्ट आतून, सुनेने काढलेली, तीही कोकणातल्या खळ्यात बसून, माझ्या कात्रणांत एकसुद्धा नाही. म्हणून मला मनापासून वाटतं तू ती बंद करू नयेस. फक्त मॉमाच्या वाटेने न जाता जॉन्स्टनच्या वाटेने जा. तुझ्या सासूला एक वर्षाने मोठी होऊ दे. तिला एकटीला एक पूर्ण स्ट्रिप दे, सून चौकटीत नसताना ती काय करते ते काढ. दुपारी सगळे झोपल्यावर ती काय करते तुला माहीत आहे का?

वेंगुर्ल्याची_काकी

मी ६६ वर्षांची आहे आणि मी सासू आहे, नातू टाईप करून देतोय, मी सांगतेय.

बाळा, तुझ्या सासूला राग आलेला नाही. राग आला असता तर ती बोलली असती. तिच्यासारखी बाई रागावली की भांडी आपटते, शेजारणीकडे जाऊन सांगते. तिने चावी खुंटीला लावली म्हणजे तिला लाज वाटलीय. आपण घरातल्यांना असे दिसतो हे तिला त्या दिवशी कळलं, तेसुद्धा वीस माणसांत, तेसुद्धा गणपतीत.

मीपण काजू फोडलेत. लहानपणी आईबरोबर आणि लग्नानंतर सहा वर्षं. ते तेल हाताला लागलं की भाकरी थापताना पिठाला वास यायचा, माझा मुलगा लहान असताना माझ्या हाताने घास घ्यायचा नाही, त्याला बोटांचा रंग बघून भीती वाटायची. लग्नकार्यात मी हात पदराखाली धरायची. आता नाही धरत, आता वय झालं, पण तो विषय कुणी काढला तर अजून आत काहीतरी होतं. त्या हातांवर घर चाललं म्हणून सगळे म्हणतात पण ते हात बघायला कुणाला आवडत नाहीत हे आम्हाला माहीत असतं.

तू माफी माग, पण हातांची माग. बाकीची मागू नकोस. नोकरीला ती आडवी आली, आली का नाही? तुकडे मोजून वाढते, वाढते का नाही? त्याची माफी तू का मागायची. मीसुद्धा माझ्या सुनेला चावी खूप उशिरा दिली, का तर मला वाटायचं चावी गेली की मला कोण विचारणार. सासरे गेल्यावर बाईला घरात धरायला एवढंच असतं, आगळ किती आणि मीठ किती. हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही, तुला तिचं कुठे दुखतं ते कळावं म्हणून सांगते.

आणि मोबाईलवर माफी मागू नकोस, मेसेज बिसेज नको. ती जे काम करत असेल ते काम हातात घे आणि शेजारी बसून बोल. आमच्या पिढीला समोरासमोर नुसतं बसून बोलता येत नाही, हात कामात असले की बोलता येतं.

तिरफळ

काकी, तुमचं वाचून मी दहा मिनिटं काही लिहू शकले नाही. माझ्या सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली, त्यांनी शेवटपर्यंत लोणच्याच्या बरण्या मला लावू दिल्या नाहीत, आणि मला त्याचा राग अजून आहे, पण आता बरण्या मी लावते तेव्हा मीठ त्यांच्याच अंदाजाने घालते.

चिमणी, काय झालं ते कळव गं.

खळ्यातली_चिमणी

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही होईपर्यंत थांबले होते.

जुनी_कात्रणं काका, तुमचा प्रश्न मला टोचला. दुपारी त्या काय करतात हे मला माहीत नव्हतं, मी तेव्हा माडीवर स्ट्रिप काढत असते. म्हणून एक दिवस खाली राहिले. दोन वाजता त्या मागच्या पडवीत बसल्या आणि मुलीच्या जुन्या फ्रॉकची बटणं काढून डब्यात टाकत होत्या, रंगांप्रमाणे वेगळी. त्या वाकड्या बोटांनी एकेक बटण. मग थोडा वेळ नुसत्याच माडाकडे बघत बसल्या. मग सासऱ्यांचा फोटो पुसला. एवढंच. अर्धा तास.

काकी, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या (शिंपल्या) घेऊन बसल्या होत्या, मी दुसरी विळी घेतली आणि शेजारी बसले. मला तिसऱ्या नीट उघडता येत नाहीत हे त्यांना माहीत आहे, सात वर्षांत प्रत्येक वेळी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतल्यात, त्या दिवशी घेतल्या नाहीत. मी म्हटलं, आई, हात तसे काढायला नको होते, मला माहीत होतं ते कशाने झालेत आणि तरी मी काढले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लोकांका हसाक इला ना?" मी म्हटलं हो. रडू आलं मला, त्यांनी बघितलं आणि परत तिसऱ्यांकडे बघायला लागल्या. मी पुढे विचारलं की तुमचे हात मी नीट काढू का, समोर बसून, जसे आहेत तसे. त्यावर त्यांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, पण संध्याकाळी मी वही घेऊन गेले तेव्हा त्या उठल्या नाहीत. तीन पानं काढली. दोन बोटं नीट जमायला एक तास गेला. मी इतकी वर्षं ते हात काढत होते आणि तोपर्यंत एकदाही नीट बघितले नव्हते.

त्या गुरुवारी बटणांची स्ट्रिप टाकली, त्यात सून नाही, गंमतही नाही. लाईक नेहमीपेक्षा निम्मे आले. काही जणींनी लिहिलं की आजची कळली नाही. कारखान्यात काम केलेल्या कुणाच्यातरी मुलीने खाली फक्त "आईचे हात" एवढंच लिहिलं. ती मी सासूबाईंना वाचून दाखवली. जुन्यांपैकी जिथे तो हात गंमत म्हणून आलाय त्या साठेक काढून टाकल्या, सोलकढीची ठेवली, बांगड्याच्या तुकड्यांची पण ठेवली कारण ती खरी आहे.

नवऱ्याशी बोलले. सोपं गेलं नाही. होडीवाले दादा, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं, त्याला स्वतःलाच मी गेले तर खोल्या कशा चालतील याची काळजी होती आणि आईने म्हटल्यावर त्याला बरंच वाटलं होतं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. नंतर तो स्वतःच आईकडे जाऊन म्हणाला की तेव्हा नको मलापण होतं, तुझ्या एकटीच्या माथी मारलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या ते बरोबर की चूक मला अजून कळत नाही, म्हणाल्या, "मग तेव्हाच बोलाचा होता, ती माका वायट म्हणत ऱ्हवली ना." दिवाळीनंतर शाळेत परत चौकशी करायची असं ठरलंय. सीझन तेव्हाच सुरू होतो, तेव्हा भांडण होईल, ते मला दिसतंय. पाहुण्यांच्या जेवणाला मदतीला वाडीतली एक बाई मिळते का हे नवरा बघतोय. पुढच्या स्ट्रिपमध्ये त्याचा चेहरा आहे आणि चारही चौकटींत तो बोलतो.

परवा सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून वहीत बघत होत्या. सोलकढीची स्ट्रिप उघडी होती. म्हणाल्या, "आगळ किती घातलंय तां लिवूक नाय तू." एवढं बोलून गेल्या. पाच आठवड्यांत स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य.

चावी अजून खुंटीलाच आहे. काल नारळ हवा होता म्हणून मी ती पहिल्यांदा काढली, कोठी उघडली, नारळ घेतला आणि चावी परत तिथेच अडकवली. त्या पडवीतून बघत होत्या, काही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने आत आल्या, सोलकढीचा एक घोट घेतला आणि पातेल्यात आगळ ओतलं.